इस्पिकचा राजा आणि ५० ब्लाइंडची बेट: एका डावाचा हिशेब

पोकरचा डाव. रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या आणि शेवटच्या पानाला, बदामची दुर्री पडली. मी चेक केलं. चेक म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणं. समोरच्याने फार वेळ न घेता ५० ब्लाइंडच्या (ब्लाइंड म्हणजे डावाआधी सक्तीने भरायची रक्कम, इथे मोजमापाचं एकक) चिप्स पुढे सरकवल्या. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, तेव्हा साडेतेहतीस होते, म्हणजे बेट पॉटच्या जवळजवळ दीडपट. माझ्या हातात इस्पिकचा राजा आणि चौकटचा गुलाम, बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या सामाईक पानांत, एक गुलाम. टॉप पेअर, म्हणजे बोर्डवरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जोडी, आणि किकर, म्हणजे जोडीबाहेरचं पान, तोही बरा. अशी पानं धड टाकवत नाहीत, धड धरवत नाहीत.

त्या रात्री मी काय केलं आणि पानं उलटल्यावर काय निघालं ते पुढे येईलच. डाव लिहून काढावासा वाटला तो त्यासाठी नाही. नंतर घरी कागद घेऊन मोजायला बसलो तेव्हा कळलं, की टेबलावर ज्या एका पानाचा मी विचार करत राहिलो होतो ते पान फार अरुंद जागेत कामाचं असतं, आणि आपण त्या जागेत उभे आहोत की नाही हे मी तपासलंच नव्हतं.

डाव कसा झाला

सहा जणांचं टेबल, नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाची दोन पानं, पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही), आम्हा दोघांकडेही १०० बिग ब्लाइंड. चिप्सचं मोल काय होतं याला इथे महत्त्व नाही, पुढचे सगळे आकडे ब्लाइंडमध्येच आहेत.

बटणावरच्या (वाटणाऱ्याच्या जागेवरच्या) गृहस्थांनी अडीचला ओपन केलं, म्हणजे पहिली बेट लावली. स्मॉल ब्लाइंडने, म्हणजे अर्धा ब्लाइंड आधी भरणाऱ्याने, पानं टाकली. बिग ब्लाइंडमधून, म्हणजे पूर्ण ब्लाइंड आधी भरलेल्या जागेवरून, मी कॉल केला, त्यांच्याइतकेच भरले, पॉट साडेपाच झाला. राजा-गुलाम वेगवेगळ्या रंगांचे असले तरी बटणाविरुद्ध काही जण थ्री-बेट करतात, म्हणजे रक्कम आणखी वाढवतात. मी बहुतेक वेळा कॉल करतो. त्यावर जास्त शाई खर्चण्यासारखं काही नाही.

फ्लॉप, म्हणजे पहिली तीन सामाईक पानं, आला इस्पिक गुलाम, इस्पिक अठ्ठी, चौकट तिर्री. मी चेक केलं, त्यांनी ४ लावले, मी कॉल केला. पॉट १३.५. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, किलवरची दुर्री. पुन्हा चेक, त्यांचे १०, माझा कॉल. पॉट ३३.५. रिव्हरला दुसरी दुर्री, बदामची. माझा चेक, आणि त्यांचे ते ५०. ही बेट लावण्याआधी दोघांच्याही मागे साडेत्र्याऐंशी उरले होते.

फ्लॉप आणि टर्न हे दोन्ही कॉल मला आजही बिनचूक वाटतात. दोन्ही ठिकाणी साधारण ३० टक्के वेळा जिंकलं तरी कॉल परवडत होता, आणि दोन इस्पिकांच्या ओल्या, म्हणजे ड्रॉला (अजून पुऱ्या न झालेल्या हातांना) वाव देणाऱ्या, बोर्डवर टॉप पेअर तेवढी नक्कीच जिंकते. फ्लॉपवर चेक-रेज (आधी चेक, मग त्यांच्या बेटवर वाढ) करता आलं असतं का? आलं असतं. पण मग ड्रॉ सोडून देणारे सोडून देतात आणि एक्का-गुलाम, मोठ्या जोड्या, सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचं तसंच तिसरं पान) हेच मागे उरतात. मधल्या ताकदीच्या पानांनी पॉट फुगवायचा आणि मग घाबरायचं, हा धंदा मी बऱ्याच वर्षांपूर्वी बंद केला.

रिव्हरवर तिसरा पर्यायही कागदावर होता, उलट ऑल-इन जाण्याचा, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावण्याचा. त्यांना आणखी ३३.५ भरावे लागले असते आणि समोर १६७ चा पॉट दिसला असता, म्हणजे १७ टक्के जिंकण्याची आशा असली तरी कॉल. त्या भावात कोणीही ओव्हरपेअर (बोर्डवरच्या प्रत्येक पानाहून मोठी जोडी) टाकत नाही. तो पर्याय तिथेच मेला.

राहिले दोनच, कॉल किंवा फोल्ड, म्हणजे पानं टाकणं.

समोरचा माणूस

यांच्याबरोबर मी बरंच खेळलो आहे. बटणावरून उघडतात ते एकाच रंगाची पानं भरपूर, पण दश्शी-नव्वीसारखी पानं वेगळ्या रंगांची असली तर टाकतात, हे मी अनेकदा पाहिलंय. फ्लॉपवर बेट सढळ हाताने करतात. टर्नवर मात्र नुसता गटशॉट (ओळीने पाच पानं व्हायला मधलं एकच हवं असा ड्रॉ) घेऊन पुढे जात नाहीत, चेक करून फुकट पान बघतात. म्हणजे टर्नवर त्यांनी १० लावले तेव्हाच माझ्या मनात त्यांच्या थापांची, म्हणजे पोकळ बेटांची, यादी लहान झाली होती. मोठा ड्रॉ असेल तरच ते तिथवर येतात.

आणखी एक गोष्ट त्याच रात्रीची. तासाभरापूर्वी दुसऱ्या कोणाशी खेळताना त्यांचा किलवरचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) हुकला होता. रिव्हरवर त्यांनी चेक केलं आणि एक्का-नव्वी उघडून एक्क्यावरच पॉट नेला. मी ते मनात नोंदवलं: "फ्लश हुकला तर थांबतो." हे वाक्य किती लंगडं होतं ते पुढे सांगतो.

चिप्स झटकन सरकवल्या त्याचं काय? काही नाही. हे गृहस्थ सगळंच झटकन करतात. चेहऱ्यावरून, हाताच्या थरथरीवरून वाचणारे लोक असतात, असोत. मला ते जमत नाही, आणि ज्यांना जमतं असं वाटतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना चुकलेल्या वेळा आठवत नाहीत.

टेबलावर मी काय विचार केला

खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष इस्पिकच्या राजावर होतं. ब्लॉकर ही कल्पना एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. जे पान माझ्या हातात आहे ते समोरच्याकडे असू शकत नाही, म्हणून त्याच्या संभाव्य हातांपैकी काही आपोआप बाद होतात. बोर्डवर फ्लश लागलेला असेल आणि त्या रंगाचा एक्का माझ्याकडे असेल, तर समोरच्याकडे सर्वांत मोठा फ्लश नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. तिथे ब्लॉकर माझ्या बाजूचा.

इथे मामला उलटा. इस्पिक आली नाहीत, फ्लश हुकला. म्हणजे इस्पिकची दोन पानं धरून बसलेला माणूस आता थाप मारणारा माणूस आहे. मला तो तिथे हवा आहे! आणि माझ्या हातातला राजा नेमक्या त्याच माणसाला कमी करतो: राजा-राणी, राजा-दश्शी, राजा-नव्वी, असे इस्पिकचे सगळे हुकलेले हात माझ्यामुळेच बाद. हाच राजा चौकटचा असता तर बरं झालं असतं, असं मनात येत राहिलं. मनात येण्यापलीकडे मात्र मी गेलो नाही. किती बरं झालं असतं? एक टक्का? दहा? ते मोजल्याशिवाय हा विचार गळ्यातल्या ताइतासारखाच. धीर येतो, पण त्यावर चालता येत नाही.

कागदावर

आता मोजणी. ५० भरायचे, समोर ८३.५. जिंकण्याची शक्यता ५० भागिले १३३.५, म्हणजे जवळजवळ ३७.५ टक्के हवी. टॉप पेअर इथे फक्त थापेला हरवते. अशी मोठी बेट गुलामाहून खालच्या जोडीने कोणी लावत नाही, आणि राजा-गुलामाने ते एवढं मोठं खेळत नाहीत म्हणून पॉट वाटून घेण्याचा प्रसंगही सोडून देतो. तेव्हा प्रश्न एवढाच, की त्यांच्या या बेटमागच्या सगळ्या हातांत थापा किती.

हात मोजायचे म्हणजे कॉम्बो मोजायचे. होल्डेममध्ये दोन पानांचे एकूण १,३२६ कॉम्बो असतात, एखादी मोकळी जोडी ६ प्रकारे येते, एकाच रंगातले दोन विशिष्ट आकडे ४ प्रकारे. दिसणारी पानं त्यातून वजा करत जायचं.

आधी खरे हात. गुलामांची जोडी: एक बोर्डवर, एक माझ्याकडे, उरला १ कॉम्बो. अठ्ठ्यांची ३, तिर्र्यांची ३. हे सात आता फुल हाउस (तीन एका आकड्याची, दोन दुसऱ्या). एक्क्यांची जोडी ६, राजांची (एक राजा माझ्याकडे असल्यामुळे) ३. एक गंमतीचा हात इस्पिकच्या एक्का-दुर्रीचा. तो फ्लॉपवर फ्लश ड्रॉ होता, टर्नला त्याची जोडी झाली आणि रिव्हरला तीन दुर्र्या. तो १. इथवर १७, आणि या सतराबद्दल मला शंका नाही.

शंका पुढच्या दोघांबद्दल आहे. राणीची जोडी, ६ कॉम्बो. एक्का-गुलाम, ८ कॉम्बो. दोन्ही मला हरवतात. पण दोन्ही हातांनी दीडपट बेट लावायची का? बरेच जण इथे २० किंवा २५ लावतात, कारण त्यांना माझ्यासारख्या गुलामवाल्याचा कॉल हवा असतो, दुर्रीवाल्याचा ऑल-इन नको असतो. मी अर्धे धरले: ३ आणि ४. खऱ्या हातांची बेरीज २४.

(गुलाम-अठ्ठीच्या दोन जोड्यांचं काय, असं कोणी विचारील. बोर्डवर दुर्र्यांची जोडी पडल्यामुळे तो हात आता प्रत्येक ओव्हरपेअरच्या खाली गेलाय. मला तो अजूनही हरवतो, पण तो ५० लावणार नाही.)

२४ खऱ्या हातांसमोर कॉल बरोबरीत सुटायला थापा हव्यात १४.४.

आता थापा. दश्शी-नव्वी, इस्पिक सोडून: बदाम, चौकट, किलवर, असे ३. ओपन-एंडेड ड्रॉ (स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं, दोन्ही टोकांनी पुरा होऊ शकेल असा) होता, दोन्ही रस्त्यांवर, फ्लॉपला आणि टर्नला, बेट करणं त्यांच्या स्वभावात बसतं, आणि रिव्हरवर हातात काहीच नाही. तिन्ही धरतो. वेगळ्या रंगांची दश्शी-नव्वी ते उघडतच नाहीत, गटशॉट टर्नवर थांबतात, तेव्हा बाकी स्ट्रेट ड्रॉ शून्य.

मग इस्पिक. गुलाम आणि अठ्ठी बोर्डवर, राजा माझ्याकडे. एक्क्याबरोबरचे, जोडी न लागलेले: राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, असे ७. राणीबरोबरचे दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, असे ५. मग दश्शी-नव्वी, दश्शी-सत्ती, नव्वी-सत्ती, नव्वी-छक्की, सत्ती-छक्की, सत्ती-पंजी, छक्की-पंजी, पंजी-चव्वी, म्हणजे ८. एकूण २०.

हे वीसच्या वीस हात रिव्हरवर ५० लावतात का? नाही. काही फ्लॉपवरच चेक करतात, काही टर्नवर थांबतात, काही रिव्हरवर हात टेकतात. मी निम्मे धरले. दहा. तीन मिळवून १३ थापा.

१३ भागिले ३७ म्हणजे ३५.१ टक्के. हवे होते ३७.५. कॉल केला तर सरासरीने ३ ब्लाइंडचा तोटा. फोल्ड.

आता माझा राजा चौकटचा करून बघा. बाकी सगळं तेच. इस्पिकच्या राजाबरोबरचे राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, चव्वी हे सात हुकलेले हात परत जिवंत होतात, म्हणजे इस्पिक २७, निम्मे १३.५, आणि दश्शी-नव्वी मिळून १६.५. खऱ्या हातांत इस्पिकच्या राजा-दुर्रीचा एक वाढतो, २५. आता १६.५ भागिले ४१.५, म्हणजे ३९.८ टक्के. कॉल केला तर सरासरीने ३ ब्लाइंडचा फायदा.

म्हणजे टेबलावरची चुटपुट खरी होती. तोच राजा, तोच गुलाम, तीच बेट. एका रंगाने फोल्डचा कॉल होतो.

इथे थांबलो असतो तर एक गोंडस गोष्ट तयार झाली असती, आणि ती मी दोन-चार जणांना सांगितलीही असती.

निम्मे का?

अडचण त्या "निम्मे"ची. तो आकडा मी कुठून आणला? कुठूनच नाही. निम्मा आकडा माणूस तेव्हा धरतो जेव्हा त्याला काहीच माहीत नसतं आणि ते कबूल करायचं नसतं.

म्हणून तोच आकडा मोकळा सोडला आणि उलट विचारलं: हुकलेल्या इस्पिकांपैकी किती टक्के हातांनी त्यांनी थाप मारली तर कॉल बरोबरीत सुटतो? इस्पिकचा राजा असताना उत्तर येतं ५७ टक्के. चौकटचा राजा असताना ४४ टक्के.

आता चित्र वेगळं दिसतं. हा माणूस हुकलेले फ्लश ४४ टक्क्यांहून कमी वेळा मारत असेल, तर राजा कुठलाही असो, फोल्ड. ५७ टक्क्यांहून जास्त मारत असेल, तर राजा कुठलाही असो, कॉल. ४४ ते ५७ ही एवढीशी गल्ली, आणि या गल्लीतच राजाच्या रंगाला काही म्हणायचं असतं. टेबलावर मी पूर्ण वेळ राजाकडे बघत होतो. बघायला हवं होतं त्या माणसाकडे, आणि तेही आत्ताच्या त्याच्या चेहऱ्याकडे नाही, आधीच्या पन्नास डावांकडे.

बरं, ही गल्लीही जागची हलते. राणीची जोडी आणि एक्का-गुलाम मी अर्धे धरले होते. समजा ते या हातांनी नेहमीच ५० लावतात. मग खरे हात ३१, आणि गल्ली सरकून ६० ते ७८ वर जाते. म्हणजे त्यांना हुकलेल्या इस्पिकांचा धडाकाच लावावा लागेल. उलट समजा ते या हातांनी कधीच एवढं लावत नाहीत. मग खरे हात १७ आणि गल्ली उतरते २९ ते ३६ वर. तिथे तर निम्म्याचा अंदाजही कॉलच सांगतो, इस्पिकच्या राजासकट.

तेव्हा सर्वांत मोठा प्रश्न निघाला हा: राणीच्या जोडीने हा माणूस रिव्हरवर किती लावतो? याचं उत्तर मला टेबलावर बसून देता आलं असतं. मी त्यांना ओव्हरपेअर घेऊन रिव्हरवर बेट करताना दोनदा तरी पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा बेट पॉटपेक्षा कमी होती. दोन म्हणजे फार नाहीत. तरी शून्यापेक्षा बरेच. त्या ५० सेकंदांत ही आठवण मी काढलीच नाही, कारण माझं डोकं इस्पिकमध्ये अडकलं होतं.

आणि ते "फ्लश हुकला तर थांबतो"? त्यांनी थांबवला होता तो एक्का. हुकलेल्या ड्रॉमध्ये एक्का असला, की चेक करूनही पॉट मिळण्याची आशा असते, दुसऱ्याचाही ड्रॉ हुकलेला असू शकतो. त्या रात्री तसंच झालं. सत्ती-छक्कीवाल्याला ती आशा नसते, त्याला पॉट हवा तर थापच मारावी लागते. म्हणून त्या नोंदीतून फार तर एक्क्याच्या सात हातांबद्दल काही कळतं, उरलेल्या तेरांबद्दल काहीच नाही. एक्क्याचे सातही वगळले आणि तेरांपैकी पाऊणपट धरले तर पुन्हा दहाच्या आसपास येतो. निम्म्याचा आकडा योगायोगाने अगदीच वाईट नव्हता म्हणायचा.

थाप कोणत्या हाताने

थोडं आडवळण. थाप मारणं ही मर्दुमकी नाही, हिशेब आहे, हे फार जुनं गणित आहे. जॉन फॉन नॉयमनने १९२८ साली खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नसोबत पोकरचं एक साधं रूप सोडवून दाखवलं. त्यात बेट करणारा सर्वांत चांगल्या हातांनी बेट करतो आणि सर्वांत वाईट हातांनी, मधल्यांनी चेक करतो. आमच्या गृहस्थांनी एक्का-नव्वी चेक केली ती याच नियमाने, त्यांना ठाऊक असो वा नसो.

मोठ्या बेटचंही तसंच. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रामने १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, तेव्हा पॉटच्या वर जाणाऱ्या त्याच्या बेटांनी त्या खेळाडूंना फार छळलं होतं. बेट जितकी मोठी तितका मागचा हात टोकाचा, एकतर भक्कम नाहीतर पोकळ. मधला हात धरून बसलेल्याची तिथे सर्वांत जास्त पंचाईत होते.

पण एका बाबतीत माणसं आणि गणित वेगळं वागतात. गणिताच्या दृष्टीने या बोर्डवर इस्पिकची दोन पानं ही थापेसाठी फारशी चांगली नाहीत. बटणावरच्याकडे इस्पिक असतील तर माझ्याकडे ती कमी, आणि मी तर हुकलेली इस्पिकच सहज टाकणार होतो! थाप मारताना समोरच्याची टाकण्याजोगी पानं आपण अडवू नयेत. त्या न्यायाने बदामची दश्शी-नव्वी ही इस्पिकपेक्षा चांगली थाप. माणसं मात्र हुकलेल्या फ्लशनेच जास्त मारतात, कारण ते दुःख ताजं असतं. दोन रस्ते पैसे भरले, पान आलं नाही, आता वसूल करायचं. माझी सगळी मोजणी या माणूसपणावर उभी आहे. समोर सॉल्व्हरवर (पोकरचे हिशेब सोडवणाऱ्या संगणक प्रोग्रामवर) घोकंपट्टी केलेला कोणी असता तर इस्पिकची टक्केवारी मी खाली ओढली असती आणि माझ्या राजाचं महत्त्वही त्याबरोबर उतरलं असतं.

अशा जागी सापडलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे सॅमी फार्हा. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा, शेवटचे दोघे उरलेले. बोर्ड होता इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, टर्नला इस्पिक अठ्ठी, रिव्हरला बदाम तिर्री. फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी, म्हणजे त्याचीही टॉप पेअर आणि त्याच्याही हातात एक इस्पिक. ख्रिस मनीमेकर ऑल-इन गेला. फार्हाने टाकलं. मनीमेकरकडे होते इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती: फ्लश हुकलेला, स्ट्रेटही हुकलेला. पुढे मनीमेकर ती स्पर्धा जिंकला. फार्हाची जागा माझ्यापेक्षा कठीण होती. बोर्डवर तीन इस्पिक असल्यामुळे त्याची राणी समोरच्याचे काही खरे फ्लशही अडवत होती आणि काही हुकलेले ड्रॉही. हिशेब दोन्हीकडून कापला जात होता. नंतर पडद्यावर दोघांची पानं बघून "कॉल करायला हवा होता" म्हणणारे लाखो झाले. पानं बघून सगळेच कॉल करतात.

मग काय झालं

मी कॉल केला.

मोजून नाही. टॉप पेअर टाकवेना, आणि दीडपट बेट लावणाऱ्याकडे नेहमी काहीतरी असतंच असं नाही, एवढाच विचार होता. ब्लॉकरचा विचार फोल्डकडे ओढत होता, त्याला बाजूला सारला, तोही कुठल्या कारणाने नाही, हट्टाने. त्यांनी बदामची दश्शी-नव्वी उलटली.

टेबलावर वाहवा झाली. मीही चेहरा असा ठेवला की जणू सगळं दिसत होतं. बाहेर पडताना एका मित्राने विचारलं, "कसं ओळखलंस रे?"

"ओळखलं नाही."

"मग?"

"बसून मोजतो आणि सांगतो."

दोन दिवसांनी त्याला तो कागद दाखवला. त्याने शांतपणे वाचला. म्हणाला, "म्हणजे तुझ्या हिशेबाने तू तीन ब्लाइंड हरलास."

"सरासरीने."

"आणि प्रत्यक्षात?"

"साडेत्र्याऐंशी जिंकलो."

"असाच हरत जा," असं म्हणून त्याने कागद परत दिला. मग जरा थांबून त्याने जे विचारलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "पण त्याने दश्शी-नव्वी दाखवली ना? मग तुझा अंदाज बरोबर निघाला की चूक?"

तिथेच मेख होती. बदामची दश्शी-नव्वी माझ्या मोजणीत आधीपासून होती, त्या तीनमधली एक. ती दिसली म्हणून तीनचे चार होत नाहीत. सगळा निर्णय ज्या आकड्यावर लटकला होता तो हुकलेल्या इस्पिकांचा, आणि त्याबद्दल त्या पानांनी मला नवं काहीच सांगितलं नाही. एवढा मोठा पॉट, एवढा गाजावाजा, आणि माहिती जवळजवळ शून्य. फार तर एवढं म्हणता येईल, की रिव्हरवर दीडपट थाप मारण्याचं धाडस या माणसात आहे. ते असल्यावर इस्पिकची टक्केवारी थोडी वर सरकवावी, पण किती, ते त्या एका डावावरून सांगता येत नाही.

आणि उलट बाजूने माहिती गेली ती मात्र भरपूर. राजा-गुलामाने मी ५० भरतो हे त्यांनी पाहिलं. शहाणा माणूस यापुढे माझ्याविरुद्ध थापा कमी करील आणि राणीच्या जोडीनेसुद्धा मोठं लावायला लागेल. तसं झालं तर दोन्ही आकडे माझ्या विरुद्ध दिशेला सरकतात, आणि ती गल्ली ६० ते ७८ कडे चालू लागते. म्हणजे परवाचा कॉल बरोबर असता तरी उद्याचा तोच कॉल चूक असू शकतो.

मी या खेळाची एक वही ठेवतो. त्या गृहस्थांच्या पानावर आता तीन रकाने आखले आहेत. पहिला: ओव्हरपेअर घेऊन रिव्हरची बेट, त्यात दोन नोंदी, दोन्ही पॉटच्या आत. दुसरा: स्ट्रेट ड्रॉ हुकल्यावर, त्यात एक, बदामची दश्शी-नव्वी, ५०. तिसरा: फ्लश हुकला, हातात एक्का नाही. त्या डावानंतर आम्ही चार वेळा एकत्र बसलो. तिसरा रकाना अजून कोरा आहे.